नळीचं दुसरं टोक

"तूच म्हणालीस ना, राख थंड आहे म्हणून?"

मावसभावाचं हे एवढंच वाक्य. रागानं बोलला नव्हता, उलट जरा हसतच बोलला. मावशीही हसली. "हो रे बाबा, म्हणाले खरी. आता म्हातारी झाले मी." विषय तिथेच संपला, सगळे पुन्हा पानावर बसले. मला मात्र ते वाक्य पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. त्या हसण्यात काहीतरी चुकीच्या माणसाच्या खात्यावर मांडलं गेलं होतं, आणि त्या क्षणी ते नेमकं काय हे मला सांगता आलं नाही.

गोव्यात डिचोलीला मावशीकडे चवथीच्या आधीची साफसफाई म्हणजे घर उलटं करण्याचाच प्रकार असतो. जुनं मातीचं घर, मधे राजांगण, वर नळे, वाशांवर कोळिष्टकं. खाणीच्या ट्रकांची वर्दळ होती त्या काळातली तांबडी धूळ अजूनही एखाद्या कपाटामागून निघते आणि ओल्या फडक्यावर लोखंडाच्या गंजासारखी उमटते. यंदा पुण्याहून आलेल्या मावसभावानं स्वतःचा व्हॅक्यूम क्लीनर गाडीत घालून आणला होता. आम्ही सगळे कौतुकानं बघत उभे. गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीच्या लाकडी चौकटीवरची धूळ गेली, देवखोलीतल्या कोनाड्यातली काजळी गेली, पावसात बुरशी धरलेल्या जुन्या ट्रंकांवरचा पांढरा थरही गेला. उत्साह चढला की माणूस थांबत नाही. शेवटी तो न्हाणीघरात शिरला. तिथे पाणी तापवायच्या भाणाखाली अजून चूल पेटते. गीझर आहे, पण पावसाळ्यात मावशीला भाणाचंच पाणी लागतं. चुलीत राखेचा ढीग होता. "मावशी, थंड आहे ना ही?" "कालची आहे रे. थंडच." नळी आत गेली आणि ढीग क्षणात दिसेनासा झाला. टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या.

जेवायला बसल्यावर वास आला. आधी केस जळल्यासारखा, मग कागदाचा, मग प्लॅस्टिकचा. यंत्र ओसरीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं होतं, प्लग काढलेला होता, आणि त्याच्या पाठीमागच्या जाळीतून धूर येत होता. उठली ती पहिली मावशीच. खरकट्या हातानं तिनं नळी धरली आणि ते धूड फरफटत राजांगणात, पावसात नेऊन टाकलं. नंतर झाकण उघडलं तर आतली कागदी पिशवी अर्धी जळून काळी झाली होती. सुदैवानं तेवढ्यावरच भागलं. ओसरीच्या खांबाला टेकून चटया ठेवल्या होत्या, त्या यंत्रापासून जेमतेम हातभर लांब होत्या.

आता मावशीचं "थंडच" तपासून बघू. साठ वर्षं ती चुलीतली राख काढते आहे. पत्र्याच्या तुकड्यानं राख ओढायची, करटीत भरायची, परसात माडाच्या मुळाशी नेऊन ओतायची. थोडी भांड्यांना ठेवायची. ह्या कामाला राख जेवढी थंड लागते तेवढी ती होती. तिच्यात हरभऱ्याएवढा निखारा राहिला असता तरी माडाच्या ओल्या मुळाशी चुर्र होऊन विझला असता. राख ही उष्णता धरून ठेवणारी वस्तू आहे. तिच्या पोटात निखारा दोन-चार दिवससुद्धा धुगधुगत राहू शकतो, वरून हात फिरवून कळत नाही. हे मावशीला ठाऊक आहे, तिच्या सासूलाही ठाऊक होतं. म्हणून तर राख लाकडी माळ्यावर किंवा गवताजवळ कुणी ठेवत नाही. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की पुण्याच्या यंत्रात तो निखारा कागदाच्या पिशवीत जातो, पिशवीत आधीच कापसासारखी सुकी जळमटं आणि केस भरलेले असतात, आणि त्यातून सतत जोराचा वारा ओढला जातो. हे ज्याला ठाऊक असायला हवं होतं त्यानं माहितीपुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढली नव्हती. गरम किंवा विझलेली राख ओढू नये, असं त्यात पहिल्या-दुसऱ्या पानावरच छापलेलं आहे. मी नंतर वाचलं.

प्रश्न यंत्राचा होता आणि विचारला गेला चुलीच्या माणसाला. खातं चुकलं ते इथे.

भाऊ पुण्याला परत गेला, यंत्र राहिलं. ते फोंड्याला दुरुस्तीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. बाजाराच्या एका गल्लीत मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करणारा एकजण बसतो. दुकान असं की दोन माणसं आत गेली तर तिसऱ्यानं छत्री बंद करायलाही जागा नाही. चवथीच्या तोंडावर तिथे यंत्रांची रांगच लागलेली होती. प्रत्येक व्हॅक्यूम क्लीनर टेबलावर आला की तो न उघडताच पहिला प्रश्न विचारी, "कितें ओडलें हातूंतल्यान?" आणि प्रत्येक गिऱ्हाईक एकच उत्तर देई, "कांय ना रे, घरचोच कोयर." कोयर म्हणजे कचरा. मग तो झाकण उघडी. घरच्या कोयरातून काय काय निघालं ते मी तासभर बघत होते. एकातून ओलं सिमेंट, आतल्या आत दगड झालेलं. एकातून पीओपीची पांढरी पूड. घरात कुणीतरी फॉल्स सीलिंग केलं होतं आणि कामगार गेल्यावर सगळी खोली ह्याच्यानं झाडली होती. ती पूड एवढी बारीक असते की पिशवीची छिद्रं लिंपून टाकते. साध्या यंत्रात मोटर थंड राहते ती ओढलेली हवा तिच्यावरून जाते म्हणून. हवा अडली की मोटर आपल्याच उष्णतेनं तापत जाते, आवाज चिरका होतो, आणि लोकांना वाटतं, वा, आता जोरात चाललंय.

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगितलं, चुलीतली राख ओढली. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. खरं बोलणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा नवीन असावं, कारण मग तो बोलायलाच लागला. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, हातात घेऊन दाखवलं. ही मोटर मिनिटाला २०-३० हजार फेरे घेते आणि तिच्या दोन्ही बाजूंना हे काळे कार्बन घासत असतात. घासताना ठिणग्या पडतात. अंधारात चालवली तर निळ्या दिसतात. म्हणजे पेटायला विस्तवच ओढायला हवा असं नाही, विस्तव यंत्राच्या पोटात आहेच. नुकत्याच पॉलिश केलेल्या दाराखालचा सॅंडपेपरचा भुगा, सांडलेला थिनर, पेट्रोल, ह्यांची धूळ नाहीतर वाफ हवेबरोबर आत जाते आणि थेट त्या ठिणग्यांवरून बाहेर पडते. मला लगेच पहिल्या पावसानंतरची ती संध्याकाळ आठवली, दिव्यावर पंखांची वाळवी येते ती. आमच्या इमारतीत एकीनं ती सगळी यंत्रानं ओढली आणि आत जिवंत राहील म्हणून नळीच्या तोंडात झुरळांचा फवारा मारला. यंत्र चालू असताना. त्या डब्यावर ज्वालाग्राही असल्याचं चित्र असतं, पण झुरळाचं चित्र त्याहून मोठं असतं. तिला काही झालं नाही, आणि त्यामुळे तिनं तो उपाय आणखी चौघींना सांगितला.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट दिसायला लागली. प्रत्येकाचं लक्ष नळीच्या तोंडाकडे असतं. तिथे जादू घडते: होतं, आणि आता नाही. कचरा केरसुणीनं काढला की तो सुपलीत दिसतो, दारापर्यंत आपल्या हातानं न्यावा लागतो, त्यात काच आहे की निखारा हे नजरेला कळतं. नळीत गेलेली वस्तू मात्र आपल्या हिशेबी घराबाहेर गेलेली असते. प्रत्यक्षात ती चार पावलांवर, आपल्याच पायाशी असते. आणि जेवढी हवा आत गेली तेवढीच्या तेवढी यंत्राच्या पाठीतून त्याच खोलीत परत येत असते. ह्या दुसऱ्या टोकाकडे कुणी बघत नाही.

पणजीत एका ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे हे नुसतं बघायलाच नाही, खायलाही मिळालं. टोनरची बाटली उपडी झाली, त्यानं घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणला. टोनरचे कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचे. साधी पिशवी त्यांना अडवत नाही. पुढून पूड आत गेली आणि मागून काळ्या धुक्यासारखी बाहेर आली. भिंती, कोर्टाच्या कागदांचे गठ्ठे, त्याच्या नाकपुड्या, सगळं एकरंगी. तरी तो सुटला म्हणायचा. टोनर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिकचीच पूड, नळीतून घासत जाताना तिच्यावर स्थिर वीज साठते, आणि पुढे त्या कार्बनच्या ठिणग्या आहेतच. टोनरसाठी वेगळी यंत्रं मिळतात. तो नंतर गरम पाण्यानं हात धूत बसला, हेही चूक. ती पूड उष्णतेनंच चिकटण्यासाठी बनवलेली असते. थंड पाणी घ्यायला हवं होतं. मावशीच्या ट्रंकांवरच्या बुरशीचंही हेच. बुरशीचे बीजाणू साध्या गाळणीतून आरपार जातात. म्हणजे भावानं ट्रंका स्वच्छ केल्या आणि बुरशी अख्ख्या घराला वाटली. हेपा गाळणीचं यंत्र असतं तर गोष्ट वेगळी, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरून ठेवते. पण ह्या हवेत ती गाळणी ओली राहिली तर तिच्यावरच बुरशी येते. गोव्याच्या पावसाळ्याशी कोण कितीसं भांडणार?

पाऱ्याचं मात्र मला खरंच भय वाटतं, कारण तिथे धूर येत नाही, वास येत नाही. सीएफएल दिवा फुटला तर त्यात पारा असतो तो ५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा कमीच. पण कपाटात अजूनही कितीतरी जणांकडे आजोबांचं काचेचं थर्मामीटर आहे, आणि जुन्या डॉक्टरांच्या घरी रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं उभं यंत्र. थर्मामीटरमध्ये पारा ह्याच्या शेकडो पटींनी असतो, रक्तदाबाच्या यंत्रात हजारो पटींनी. तो फरशीवर सांडला की चकचकीत गोळ्या पळतात, मुलं टाळ्या पिटतात, आणि घरातलं शहाणं माणूस म्हणतं, कुणी हात लावू नका, मी व्हॅक्यूमनं ओढते. ह्याहून वाईट काही करता येत नाही. पारा नळीत, मोटरवर बसतो, मोटर गरम, त्याची वाफ होते आणि पाठीतून खोलीभर पसरते. पुढे कधीही ते यंत्र लावलं की पुन्हा थोडी वाफ. खिडक्या उघडाव्या, पंखा-एसी बंद करावा, मुलांना बाहेर काढावं, जाड कागदानं गोळ्या एकत्र लोटून चिकटपट्टीनं उचलाव्या, झाकणाच्या बरणीत बंद कराव्या. झाडूही नको, तो एका गोळीच्या शंभर करतो. हे काम हळू आणि कंटाळवाणं आहे.

पाण्याबद्दल फार लिहीत नाही. ओल्या-सुक्या दोन्हीला चालणाऱ्या यंत्रात मोटरची हवा वेगळी असते आणि पाणी वर आलं की आतला तरंगता गोळा ओढ बंद करतो. साध्या यंत्रात ह्यातलं काहीच नाही. तरी दरवर्षी तळमजल्यावरच्या फ्लॅटात पाणी शिरलं की कुणीतरी साधं यंत्र घेऊन अनवाणी उभं असतंच, एक्स्टेन्शन बोर्ड त्याच पाण्याच्या काठावर ठेवून. जुन्या घरांत ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी असेलच अशी खात्री नाही.

दुकानातल्या त्या "कांय ना रे"कडे परत येते. लोक खोटं का बोलतात? दुरुस्तीचा खर्च तर तोच येणार आहे. दुरुस्तीवाला काही पोलीस नाही. १९८० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी एक लहानसं टिपण छापलं होतं, पुरुषांच्या नाजूक जागी व्हॅक्यूम क्लीनरनं झालेल्या जखमांवर. जखमा गंभीर होत्या, कारण त्या हातातल्या छोट्या यंत्रात फिरणारं पातं तोंडापासून वीतभरही आत नव्हतं. मला जास्त लक्षात राहिले ते रुग्णांचे खुलासे. एकजण म्हणे, अंगावर कपडे नसताना प्लग बदलत होता आणि यंत्र आपोआप सुरू झालं. दुसरा रेल्वेचा सिग्नलमन, हत्यारं उचलायला वाकला आणि शेजारी चालू असलेल्या यंत्रात अडकला. हसू येतं, येऊ दे. पण रक्त वाहत असतानासुद्धा माणसाला आधी गोष्ट रचावी लागली, हे वाचून मला ते फोंड्याचं दुकानच आठवलं. लाज दुखण्याच्या पुढे धावते. आणि उपचार करणाऱ्याला मिळते ती घरच्या कोयराची गोष्ट.

शरीराचे बाकीचे प्रयोग मात्र लोक बिनदिक्कत सांगतात. कानातला मळ काढायला बारीक नळी लावणारे मी पाहिले आहेत. घरगुती यंत्राची ओढ दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलण्याएवढी असू शकते. कानाचा पडदा आणि त्यामागची ती इवली हाडं ह्यासाठी नाहीत. कानाचे डॉक्टरही शोषूनच मळ काढतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली, मोजक्या ओढीनं, डोळ्यांना दिसत असताना. पोराच्या घशात घास अडकला तर यंत्र आणायला धावणं हे तर सगळ्यात वाईट. जाणारा वेळ हाच तिथला धोका असतो. पाठीवर थापा, वर्षाच्या वरचं मूल असेल तर पोटावर दाब, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचं.

गंमत अशी की ह्या यंत्राचा जन्मच एका वेड्या प्रयोगातून झाला आहे. १९०१ च्या सुमारास लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं, फुंकण्याऐवजी ओढली तर? मग एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्यानं तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव जायची वेळ आली. आज कुणी असं केलं तर आपण त्याला मूर्खांच्या यादीत पहिला बसवू. पण ठसका ओसरल्यावर त्यानं काय केलं, तर रुमाल उलटा करून बघितला. धूळ पलीकडच्या बाजूला अडकली होती. त्याला कळलं, ओढणं सोपं आहे, खरं काम अडवण्याचं आहे. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं, रस्त्यावर उभं राहायचं आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. म्हणजे मोटर बाहेर, धूळ बाहेर, मागची हवाही बाहेर. पुढे १९०७ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स स्पँगलर ह्या दम्यानं बेजार झालेल्या झाडूवाल्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात मावेल असं यंत्र केलं. त्याचीही सगळी भिस्त अभ्र्यावर होती. धुळीनं त्याचाच श्वास कोंडत होता. दोघांनाही दुसरं टोक आधी दिसलं, कारण दोघांच्याही छातीत धूळ गेली होती. आपल्या हाती यंत्र आलं तेव्हा ते टोक एका सुबक जाळीमागे झाकलेलं होतं.

यंत्र सुधारून आलं. कार्बन बदलले, आतली नवी पिशवी बसवली, पाठीच्या जाळीवर धुराचा पिवळा डाग राहिला. भाऊ दिवाळीला येईपर्यंत ते माझ्याकडेच आहे, आणि मी हल्ली भेटेल त्याला त्या जाळीसमोर हात धरायला लावते: बघा, किती हवा येते मागून, हीच तुमच्या खोलीतली. बहुतेक लोक "हो का?" म्हणून चहा मागतात. शेजारच्या काकांनी मात्र फार लक्षपूर्वक हात धरला, पुढून धरला, मागून धरला. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "मागून बरीच कोरडी आणि गरम येते गो. आमच्या जिन्याखालच्या मीटरपेटीत कालच्या पावसाचं पाणी गेलंय. तिथे हे पाठीमागून लावून धरलं तर सुकेल ना?"

मी म्हटलं, काका, आधी मेन स्विच बंद करा, कशालाही हात लावू नका आणि वायरमनला बोलवा.

"अगो, पण मेन बंद केल्यावर हे चालणार कशावर?"